बैलाच्या नावाचा जंतू

तिसरी बाटलीही गढूळ झालेली दिसली आणि मी डॉ. वसेकरांना फोन लावला.

"डॉक्टर, तुमच्या बोरीच्या पेशंटचं कल्चर पॉझिटिव्ह आहे. तिन्ही बाटल्यांत एकच जंतू."

"नाव सांगा."

"नाव उद्या सांगते."

"उद्या? मॅडम, माणूस तापानं फणफणलाय. हृदयाच्या झडपेवर जंतू बसलेत त्याच्या. मला आज इंजेक्शन चालू करायचंय."

"पेनिसिलीन आजच करा. जेन्टामायसिन मात्र उद्यापर्यंत थांबवा."

डॉ. वसेकर परभणीतले जुने फिजिशियन. अर्ध्या जिल्ह्याची नाडी त्यांच्या हाताखालून गेलेली. मी औरंगाबादहून एमडी करून आलेली पॅथॉलॉजिस्ट, लॅब टाकून फार दिवस झाले नव्हते. औषध कोणतं आणि कधी, हे लॅबवालीनं सांगावं, याची त्यांना सवय नव्हती.

"उद्या सकाळी दहाला," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

लोकांना वाटतं, रक्त मायक्रोस्कोपखाली धरलं की जंतू दिसतात. तसं नसतं. रक्तात ते इतके विरळ असतात की दिवसभर शोधले तरी सापडत नाहीत. म्हणून रक्त पोषक सुपाच्या बाटलीत घालायचं आणि बाटली अंगाच्या उबेइतक्या गरम कपाटात ठेवायची. त्या कपाटाला इन्क्युबेटर म्हणतात. जंतू असेल तर वाढतो, सूप गढूळ होतं. हे झालं ब्लड कल्चर. एकाच बाटलीत काही उगवलं, तर सुईबरोबर कातडीवरचा जंतू आत गेला असेल, असं म्हणायला जागा राहते. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या तिन्ही बाटल्यांत तोच उगवला, तर वादाला जागा राहत नाही.

पेशंट होते नागनाथअप्पा. बोरीचे, पंचावन्नच्या पुढचे, लिंगायत घरातले. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, अंगात पांढरी बंडी, आवाज खणखणीत. शेती चांगली होती, पण गावोगावी त्यांना ओळखत ते बैलांमुळे. त्यांची लाल कंधारी जोडी बघायला माणसं मुद्दाम वाट वाकडी करून यायची. कुणाला बैल घ्यायचा असला की अप्पांना बाजाराला सोबत नेत. अप्पांनी मान हलवली तरच सौदा.

महिना-दीड महिना त्यांना ताप होता. आधी मलेरियाचं औषध झालं, मग टायफॉइडचं. शेवटी मुलगा मन्मथ त्यांना जीपमध्ये घालून परभणीला घेऊन आला. वसेकरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, नखं उजेडात धरून बघितली आणि तिथल्या तिथे निदान केलं. हृदयाच्या ठोक्याबरोबर फुंकर मारल्यासारखा आवाज येत होता. नखांखाली रक्ताच्या बारीक रेघा होत्या. आधीच थोड्या खराब असलेल्या झडपेवर रक्तातून आलेले जंतू जाऊन बसले, की असं होतं. हे निदान शंभर टक्के वसेकरांचं, आणि ते अचूक होतं. माझ्याकडे प्रश्न एवढाच होता, की जंतू कोणता.

मायक्रोस्कोपखाली माळेत ओवल्यासारखे गोल गोल जंतू होते. पित्त मिसळलेल्या माध्यमावर, म्हणजे जंतूंच्या खाद्यावर, त्यांनी काळा रंग धरला. म्हणजे दोघांतला एक. हे दोघे चुलतभाऊ म्हणा. दोघांचाही मुक्काम मोठ्या आतड्यात. त्यातला एक हट्टी, एकट्या पेनिसिलीनला दाद न देणारा. त्याला जोडीनं जेन्टामायसिन लागतं, आणि ते औषध बरेच दिवस दिलं की किडनीवर आणि कानांवर जातं. दुसरा नुसत्या पेनिसिलीननं मरतो. अप्पांची किडनी तापानं आधीच दमली होती. तो रिपोर्टही माझ्याच लॅबचा होता. म्हणून मी अडून बसले होते.

दोघांना वेगळं ओळखायची युक्ती साधी आहे. मीठ. खारट सुपात हट्टी भाऊ मजेत वाढतो, दुसरा वाढत नाही. मी दोन नळ्या लावल्या. एकीत अप्पांचा जंतू, दुसरीत माझ्याकडे जपून ठेवलेला हट्टी भाऊ. सूपच बिघडलेलं असेल तर त्याच्यावरून कळावं.

सकाळी इन्क्युबेटर उघडला. हट्टी भावाची नळी ताकासारखी गढूळ. अप्पांची नळी नितळ.

मी फोन लावला. "स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस. नुसतं पेनिसिलीन पुरेल."

"नक्की?"

"नक्की."

वसेकरांनी जेन्टामायसिन दिलं नाही. चार आठवड्यांचा पेनिसिलीनचा कोर्स चालू झाला, शिरेतून, ठरल्या वेळेला, दिवसाही आणि रात्रीही. आठवडाभरात ताप उतरला. अप्पा उठून बसले आणि दवाखान्याची भाकरी कशी कच्ची असते, यावर नर्सला ऐकवू लागले.

इथे माझं काम संपलं होतं. पण मला ते संपलंय असं वाटत नव्हतं. एमडी करताना आमच्या सरांनी एक गोष्ट बजावून ठेवली होती, आणि नंतर ती मी जर्नलमध्येही वाचली होती. हा जंतू रक्तात सापडला, तर पेशंटच्या मोठ्या आतड्यात गाठ नाही ना, ते बघा. दरवेळी गाठ असते असं नाही. पण बघा.

मी वसेकरांच्या दवाखान्यात गेले. ओपीडी संपत आली होती. त्यांना हे सांगितलं, तर ते हसलेच.

"मॅडम, बोव्हिस म्हणजे काय हो? बैलाचा. हा माणूस झोपतो गोठ्याशेजारी, उठतो गोठ्यात. आला असेल बैलाकडून."

"बैलाचं नाव लागलंय त्याला, एवढंच. राहतो तो माणसाच्या आतड्यातही."

"पोट दुखतंय का त्याचं? नाही. बद्धकोष्ठ? नाही. वजन तापानं उतरलं, हिमोग्लोबिन तापानं उतरलं. सगळ्याला कारण आहे. बऱ्या झालेल्या माणसाच्या मागे मी कॅन्सर लावून देऊ?"

त्यांचं चूक नव्हतं. समोर पुढचा पेशंट उभा होता, आणि अप्पा खरोखरच बरे दिसत होते. मी एवढंच म्हणाले, "कोर्स संपायला अजून वेळ आहे. तोवर विचार करा."

त्या जंतूच्या नावाबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता. पुढे बऱ्याच वर्षांनी शास्त्रज्ञांनी या जंतूचंही नामांतर केलं, आणि बैल त्यातून सुटला. पण आमच्या वेळी तो होता. आणि त्या नावानं बोरीत जे केलं, ते मला दोनच दिवसांत कळलं.

दुपारी लॅबमध्ये एक बाई आल्या. इरकली लुगडं, कपाळावर भस्म, पाठीमागे पंचविशीतला मुलगा. त्या अप्पांच्या पत्नी, कलावतीबाई. मुलगा मन्मथ.

"बैलाचा किडा हुडकलेल्या डाक्टरीणबाई तुमीच का?"

"किडा नाही, जंतू. बसा ना."

त्या बसल्या नाहीत. "मोठ्या डाक्टरनं सांगितलं, मालकाच्या काळजात बैलाचा जंतू निघाला. हा तर जोडी विकायलाय. लांब ताडकळसच्या बाजारात न्यायलाय, म्हंजी वळखीच्या मानसाला कळाय नको. मालकाला अजून कुनी सांगितलं न्हाई. सांगितलं तर तापातून वाचलेला मानूस त्यानंच जाईल वो."

मन्मथ मध्येच बोलला. "बाई, मला काय हौस हाय का? मी बी त्या जोडीसंगच लहानाचा मोठा झालो. पन ती घरात ठिवून बापाला मारू का?"

"बैल विकू नका," मी म्हणाले. "बैलांचा यात काही दोष नाही. गोठ्यात तुम्ही राबता, गडी राबतात. कुणाला ताप आला?"

"न्हाई."

"हा जंतू अप्पांच्या स्वतःच्या आतड्यातला आहे. तुमच्या आतड्यातही असेल, माझ्याही असेल. आतडं धड असलं की तो आपल्या जागी गप्प राहतो. अप्पांच्या आतड्यातून तो रक्तात कसा शिरला, ते मला कळत नाहीये. बैलांचं राहू द्या आणि मला वेगळंच सांगा. अप्पांना परसाकडं कसं होतं?"

कलावतीबाईंनी मुलाकडं बघितलं. "मन्मथ, जरा भायेर जा."

तो बाहेर गेल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि आवाज खाली आणून बोलू लागल्या.

"आव हाय त्यास्नी. लय वर्साची. दोन महिने बरं ऱ्हातंय, मंग परत कळ येती, चिकट पडतंय. मालक म्हनतेत, आव कुनाला न्हाई? कुड्याची साल उगाळून घेतेत. तेवढ्यापुरतं थांबतंय."

"रक्त पडतं?"

"आदी पडायचं कवाकवा. आता पडत न्हाई. आता काळपट व्हतंय."

"कधीपासून काळपट?"

"ताप यायच्या लय आदीपासून."

"हे डॉ. वसेकरांना सांगितलं होतं?"

"त्यांनी तापाचं इचारलं. आमी तापाचं सांगितलं."

मी त्यांना अप्पांच्या शौचाच्या नमुन्यासाठी एक छोटी डबी दिली. आतड्यात थेंब थेंब रक्त गळत असेल, तर डोळ्यांना दिसत नाही. पण नमुन्यावर औषधाचे दोन थेंब टाकले की निळा रंग येतो. दोन गोष्टी मात्र पाळाव्या लागतात. मांस खायचं नाही आणि मुळा खायचा नाही. दोन्हींनी रंग फसवा येतो.

"तीन दिवस मुळा देऊ नका," मी सांगितलं.

"मुळा त्यांना आवडतच न्हाई," त्या म्हणाल्या, आणि डबी पदराखाली धरून निघून गेल्या.

निळा रंग आला. पुन्हा नमुना मागवला. पुन्हा निळा.

मी रिपोर्ट हातात घेऊन पुन्हा वसेकरांकडे.

"मटण खाल्लं असेल तरी येतो हा रंग," ते म्हणाले.

"लिंगायताचं घर आहे, डॉक्टर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग आव, कुड्याची साल, काळपट रंग, हे सगळं मी सांगितलं. ते ऐकत गेले. शेवटी म्हणाले, "हे मला कुणी बोललं नाही." आणि लगेच फोन उचलून सर्जनला बोलावलं.

सर्जननं सिग्मॉयडोस्कोपी केली. म्हणजे गुदद्वारातून दिव्याची सरळ नळी घालून आतड्याचा शेवटचा भाग बघायचा. नळी जेमतेम वीतभर. तेवढ्यात काहीही नव्हतं. थोडी लाली, जुन्या आवेची असावी.

"झालं समाधान?" वसेकर म्हणाले.

"मोठं आतडं पाच फूट असतं. आपण वीतभर बघितलं."

मी हे ठामपणे म्हणाले खरी. पण घरी जाताना मनात आलंच, की उरलेल्यात काही निघालं नाही, तर या गावात माझ्या शब्दाला पुढे काय वजन राहणार? मग वाटलं, निघालं नाही तर उत्तमच की. अप्पा सुटले.

उरलेलं आतडं बघायचा तेव्हा परभणीत एकच मार्ग होता. बेरियम एनिमा. पांढरं, दुधासारखं औषध खालून आतड्यात भरायचं आणि एक्स-रे काढायचे. आतड्याचा आकार फोटोत पांढरा उमटतो. आत गाठ असेल, तर तेवढी जागा रिकामी दिसते. कॅमेऱ्याची लांब लवचीक दुर्बीण मोठ्या शहरांत आली होती, इकडे नव्हती.

वसेकर तयार झाले. अडून बसले ते अप्पा.

मी गेले तेव्हा पलंगावर मांडी घालून बसले होते. "बाई, एकदा नळी घातली. होती नव्हती तेवढी लाज गेली. आता परत? मी बरा हाय. दोन भाकरी खायलोय. ताप गेला, आता पोटात काय हुडकायलाव तुमी?"

"अप्पा, बैल घ्यायला गेल्यावर काय काय बघता?"

ते जरा सावरून बसले. "काय म्हंजी? दात बघतो. खूर बघतो. खांद्यावरून हात फिरवतो. चालवतो, जुंपतो, बसवतो, उठवतो."

"आणि मालक म्हणाला, बैल ठणठणीत हाय, खातोय पितोय, जुंपून कशाला बघता, तर?"

"तर तो बैल मी फुकट दिला तरी..." ते बोलता बोलता थांबले. मग मोठ्यानं हसले. कलावतीबाईंनी तोंडाला पदर लावला.

"लय बेरकी हायत बाई तुमी," अप्पा म्हणाले. "घाला काय घालायचं ते. पन एक अट हाय. मन्मथला त्या खोलीत येऊ द्यायचं न्हाई. पोरानं बापाला तसं बघू ने."

पहिल्या फोटोत उजव्या बाजूला, आतडं जिथे वर चढतं तिथे, एक जागा रिकामी दिसली. रेडिऑलॉजिस्ट म्हणाले, "मळ असेल. पोट नीट साफ झालेलं नाही." ते खरं असू शकत होतं. फोटोत मळ आणि गाठ सारखीच दिसतात. फरक एवढाच, की पोट साफ केल्यावर मळ जातो.

या वेळी पोट साफ करायची जबाबदारी कलावतीबाईंनी घेतली. अप्पांना वरणाच्या पाण्यावर ठेवलं, एरंडेल स्वतःच्या हातानं पाजलं. अप्पांनी मन्मथकरवी गुपचूप मागवलेले पेढे त्यांनी उशीखालून काढून नर्सेसना वाटून टाकले. दुसऱ्या फोटोत आतडं लख्ख उमटलं. रिकामी जागा तिथेच होती. कडा कुरतडल्यासारख्या.

वसेकरांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग खाली ठेवून म्हणाले, "औरंगाबादला चांगला सर्जन कोण? तुमच्या ओळखीचा."

पुढचं बोलणं त्यांनी स्वतः केलं. मला वाटलं होतं, जुने डॉक्टर आहेत, गोल गोल सांगतील. तसं झालं नाही. त्यांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"अप्पा, गाठ आहे."

"वाईट हाय का?"

"काढल्याशिवाय सांगता येत नाही. पण वाईट आहे असं समजूनच काढायची."

कलावतीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्या हळूच खाली बसल्या. अप्पांनी विचारलं, "काढल्यावर बरं व्हतंय?"

"लवकर सापडली असेल तर होतं. मला वाटतं लवकर सापडलीय. अजून तुम्हाला तिचा काही त्रासच नाही."

"मंग कवा जायचं?"

"इंजेक्शनं संपली की."

कोर्स संपल्यावर अप्पा एक दिवस बोरीला जाऊन आले. तिथे काय केलं, ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. मन्मथ मात्र मला म्हणाला, "जोडी दावनीलाच हाय, बाई."

औरंगाबादला जाणं त्या दिवसांत सोपं नव्हतं. नामांतरावरून आज बंद, उद्या मोर्चा. एस.टी. सुटेल का, सुटली तर पोहोचेल का, कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणून रेल्वेनं जायचं ठरलं. आणखी एक अडचण होती. अप्पांच्या हृदयाची झडप आता थोडी गळत होती, आणि तिकडचे भूलतज्ज्ञ अशा पेशंटला भूल द्यायला कचरत होते. वसेकर म्हणाले, "मी येतो बरोबर. झडप मी ओळखतो."

"तुमची ओपीडी?"

"बंदमुळे रिकामीच आहे. तिथे बसून माश्या मारण्यापेक्षा बरं."

ते खरोखर गेले. भूलतज्ज्ञाशी बोलले, ऑपरेशनच्या वेळी आत उभे राहिले. सर्जननं मोठ्या आतड्याचा उजवा भाग गाठीसकट काढला आणि उरलेली टोकं जोडली. अप्पांचं हृदय नीट चाललं.

काढलेल्या भागाच्या स्लाइड बघायला मी माझ्या जुन्या डिपार्टमेंटला गेले. मायक्रोस्कोपला डोळा लावला. कॅन्सर होता, शंका नव्हती. पण आतड्याच्या स्नायूच्या थरातच थांबला होता. भिंतीबाहेर गेला नव्हता. आजूबाजूच्या गाठींमध्ये, ज्यांना लिम्फ नोड म्हणतात, एकही वाईट पेशी नव्हती. मी प्रत्येक नोड दोनदा बघितला. मग बाहेर येऊन वसेकरांना सांगितलं. ते व्हरांड्यात चहा पीत होते. त्यांनी माझ्यासाठी एक चहा सांगितला.

त्या स्लाइडवर आणखी एक गोष्ट होती. गाठीच्या भोवती आणि जरा लांबवरही, आतड्याच्या अस्तरात पांढऱ्या पेशींची गर्दी होती. याला आम्ही इन्फ्लमेशन म्हणतो. मराठीत दाह. शरीर कुठल्यातरी शत्रूशी झुंजत असलं की तिथे सूज येते, लाली येते, पेशी मरतात आणि नव्या तयार होतात. थोडे दिवस चाललं तर ती जखम भरून येण्याचीच रीत आहे. वर्षानुवर्षं चाललं, तर पेशी पुन्हा पुन्हा नव्यानं घडवाव्या लागतात, आणि दर वेळी घडवताना चूक व्हायची शक्यता असते. अशाच चुकांतून कधीतरी कॅन्सरची पेशी निघते.

मग जंतूचं काय? मोठ्या आतड्यात असंख्य जंतू राहतात. बहुतेक उपयोगाचे. आतड्याचं अस्तर त्यांना आत शिरू देत नाही. गाठीमुळे ते अस्तर फाटलं, की वाट मिळते. अप्पांचा जंतू असाच रक्तात उतरला आणि झडपेवर जाऊन बसला असावा. तेव्हा आम्हाला एवढंच माहीत होतं. गाठ आधी, जंतू नंतर. आता संशोधन पुढे गेलंय. काही जंतू आतड्यातला दाह पेटता ठेवतात, गाठीला चिकटून तिथेच वस्ती करतात आणि कदाचित तिला वाढायलाही मदत करतात, असं दिसायला लागलंय. बोव्हिस त्यातला गुन्हेगार की नुसता साक्षीदार, यावर अजून वाद चालू आहे. अप्पांच्या जुन्या आवेमुळे कॅन्सर झाला, असंही मी म्हणणार नाही. तसं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. आव जिल्ह्यात निम्म्या लोकांना होती, कॅन्सर त्यातल्या फार थोड्यांना झाला.

अप्पा बरे झाले. जखम भरायला वेळ लागला, वजन सावकाश आलं. सहा महिन्यांनी ते लॅबमध्ये रक्त तपासायला आले, तेव्हा आवाज पुन्हा खणखणीत होता. हिमोग्लोबिनचा आकडा ऐकून म्हणाले, "म्हंजी रक्त गळायचं थांबलं. आन् तुमी सगळे म्हनत व्हता, तापानं कमी झालं." वसेकरांना हे कळवलं, तर ते म्हणाले, "त्यांना सांगा, मी ऐकलं." पुढे कित्येक वर्षं ते तपासणीला येत राहिले. गाठ परत आली नाही. ते गेले ते म्हातारपणानं, आपल्या घरी.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. तो मी नेहमी सांगते, कारण पहिला भाग ऐकून लोक माझ्यासाठी टाळ्या वाजवतात.

दोन-तीन वर्षांनी वसेकरांच्याच एका पेशंटच्या रक्तात हाच जंतू उगवला. पोखर्णीचे एक शिक्षक. मी फोन केला. नाव सांगितलं. मी पुढे काही बोलायच्या आत वसेकर म्हणाले, "बेरियमला लिहून दिलंय. आव विचारली. काळपट विचारलं. घरच्यांना बाहेर काढून विचारलं."

बेरियम साफ निघाला. शिक्षकांना मुंबईला पाठवून लांब दुर्बिणीनंही बघून घेतलं. काही नव्हतं. ताप पेनिसिलीननं गेला होता, गुरुजी ठणठणीत.

वसेकरांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या नादानं मी एका सज्जन माणसाला एरंडेल पाजलं, एनिमा दिला, मुंबई दाखवली. निघालं काय? काही नाही."

"छान झालं की."

"ते खरं. पण गुरुजी माझ्याशी बोलत नाहीयेत."

गुरुजी महिनाभर रुसले होते, मग बोलायला लागले. मी पुढची बरीच वर्षं लॅब चालवली आणि असे दोन्ही प्रकारचे पेशंट बघितले. त्यातून एवढंच शिकले. शोधल्यावर काही न सापडणं वेगळं आणि न शोधणं वेगळं. कागदावर मात्र दोन्हीकडे सारखंच लिहिलेलं असतं, 'काही नाही'. म्हणून असा कागद हातात आला, की नेमकं काय काय बघितलं होतं, ते आधी विचारावं.